एका चुलीचे कुटुंब

सोमवार, ता. ४

कार्यालयात मी जे लिहितो त्यावर माझ्याखेरीज आणखी तिघांच्या सह्या होतात, आणि प्रत्येक सहीबरोबर मजकुरातला एखादा शब्द गळतो. या वहीवर कोणाचीही सही होणार नाही. एवढ्याच कारणासाठी ती सुरू करीत आहे. पन्नाशीनंतर मन मोकळे करण्याची हौस मला जडलेली नाही.

आज नवे परिपत्रक आले. अन्नसाहाय्य घेणाऱ्या ग्रामीण कुटुंबांची पुनर्पडताळणी महिनाअखेरपर्यंत पुरी करायची. ज्यांची नावे राहतील त्यांनाच पुढच्या महिन्यापासून धान्य. जी गळतील त्यांना वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नाही. उत्पन्नाची मर्यादा पूर्वीचीच आहे. फक्त कुटुंब कशाला म्हणावे हे नव्याने ठरवले आहे: ‘एकाच चुलीवर शिजलेले अन्न नियमितपणे खाणाऱ्या सर्व व्यक्ती मिळून एक कुटुंब, व त्यांचे एकत्रित उत्पन्न हे कुटुंबाचे उत्पन्न.’ व्याख्या स्वच्छ आहे. मला स्वच्छ व्याख्या आवडते. वाणिज्य शाखेच्या पदवीने मला दुसरे काही दिले नसेल, पण जमेच्या बाजूचे जमेलाच दिसले पाहिजे हा हट्ट दिला.

माझ्या वाट्याला दगडखाणीची वस्ती आली. साहेब म्हणाले, “तुमच्याइतकं काटेकोर आहे कोण इथे?” साहेब वयाने मला मुलासारखे आहेत. ते स्तुती करतात तेव्हा माझे काम वाढते, हे मी अनुभवाने जाणतो.

घरी: पीठ महिना उजाडतो न उजाडतो तोच तळाला गेले. कन्या परगावी गेल्यापासून आम्ही दोघेच आहोत. दोघांच्या घरात असे होता कामा नये. सौ.ला विचारले. ती म्हणाली, “उंदीर असतील.” घट्ट झाकणाच्या डब्यातले पीठ उंदीर कसा खाईल, असे विचारल्यावर म्हणाली, “मोठे असतील.” उद्या पिंजरा आणतो.

गुरुवार, ता. ७

खाणीची वस्ती पाहून आलो. खाण बंद पडून काही वर्षे झाली, परंतु दगडाची पांढरी पूड अजून प्रत्येक उंबऱ्यावर आहे. झाडल्यासारखी दिसते आणि तरीही असते. चौदा घरे. कोणी दूरच्या गोदामावर राखणदार, कोणी रस्त्याच्या कामावर, कोणी मिळेल ते. एकाही घरात चूल नाही. म्हणजे कोनाडा आहे, धुराने काळा झालेला आहे, पण त्यात कुठे चपला ठेवल्या आहेत, कुठे कोंबडी अंड्यांवर बसली आहे.

सगळ्यांचा स्वयंपाक खाणीच्या जुन्या उपाहारगृहात होतो. पत्र्याचे लांबट छप्पर, दगडी फळ्यांची टेबले, आणि एका टोकाला कामगारांच्या तीन पाळ्यांसाठी बांधलेली प्रचंड चूल. ती पेटवायला जेवढे सरपण लागते तेवढे लागतेच, मग चौघांचे शिजवा की चाळिसांचे. म्हणून सगळ्यांचे एकत्र शिजते. यात हिशेब आहे आणि तो मला पटला.

जे पटले नाही ते पुढे. चुलीशेजारी एक कोपरा ताडपत्रीने बंद केला आहे. सकाळी प्रत्येक घरातले एक माणूस झाकलेली पिशवी घेऊन ताडपत्रीमागे जाते आणि रिकामी पिशवी घेऊन बाहेर येते. आत पेट्या ठेवल्या आहेत. कोणी काय टाकले, किती टाकले, टाकले की नाही, हे कोणालाच कळत नाही.

स्वयंपाक जिच्या हाती आहे तिला सगळे काकी म्हणतात. बाई साठीच्या, आवाज खाणीच्या भोंग्यासारखा. मी विचारले, “कोणतं घर किती आणतं, याची काही नोंद?”

“नाही.”

“अंदाज?”

“तोही नाही. अंदाज यायला लागला की मी पेट्यांच्या जागा बदलते.”

“मग शिल्लक कशी कळते?”

“पातेलं रिकामं झालं की कळते.”

शेजारच्या टेबलावर एक म्हातारा बसला होता. सुरुंगांच्या कामात एक कान गेला आहे, म्हणून त्याला सुरुंग्या म्हणतात. तो मला उद्देशून मोठ्याने म्हणाला, “साहेब, आमच्यात चोर नाही हे आम्हाला माहीत आहे. कारण चोरायचं असेल तर आधी काहीतरी लागतं.” सगळे हसले. मी हसलो नाही; मी कामावर होतो.

काकींनी ताट पुढे केले. पडताळणीच्या ठिकाणी अन्नपाणी घेऊ नये असा नियम आहे, तो मी सांगितला. त्या म्हणाल्या, “घ्या हो, तुमच्यासाठी मीठ बेताचंच आहे.” मला मीठ कमी लागते हे त्यांना कसे कळले, असे विचारले. “चेहऱ्यावरून,” म्हणाल्या. निरीक्षणशक्ती दांडगी आहे.

चुलीवरच्या सर्वांत मोठ्या पातेल्याच्या बुडाशी पोचा आलेला होता. आमच्याकडेही असेच एक आहे. कन्येने लहानपणी जिन्यावरून सोडले होते. पातेली पडतातच. कड्यांना फडकी गुंडाळली होती, तेही योग्यच. हात भाजत नाहीत.

घरी आल्यावर सहज म्हणून आमचे पातेले शोधले. सौ. म्हणाली, झाळायला दिले आहे. पिंजऱ्यात काही नाही. पावाचा तुकडा मात्र तसाच.

शुक्रवार, ता. ८

अहवाल दिला. एक चूल, म्हणून एक कुटुंब. मर्यादा कुटुंबागणिक आहे, माणशी नाही. चौदा घरांची कमाई एकत्र केली की मर्यादा ओलांडते. निष्कर्ष: अपात्र. साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली आणि म्हणाले, “एका फटक्यात चौदा कार्डं. वरचे खूश होतील.” माझ्या अहवालावर कोणी खूश व्हावे अशी त्याची रचना नव्हती. बेरीज पुन्हा तपासली. बरोबर आहे.

संध्याकाळी सौ.ला सांगितले. सहसा कार्यालयातले मी घरी सांगत नाही, आज सांगितले. ती कणीक मळत होती, ती थांबली.

“त्यांना तुम्ही काढलंत?”

“मी नाही. नियमाने.”

“हा नियम राहतो कुठे? पत्ता द्या, जाऊन बोलते त्याच्याशी.”

“तू उगाच शब्दांत पकडू नकोस.”

“मी कशाला पकडू? पिंजरा तुम्ही आणलाय.”

तिने माझ्याकडे पाठ केली आणि पुन्हा मळायला लागली. कणीक मात्र दोघांच्या मानाने बरीच जास्त मळलेली होती. कणीक दुसऱ्या दिवशी आंबते हे तिला ठाऊक असताना ही उधळपट्टी का, हे विचारण्याची आजची वेळ नव्हती.

मंगळवार, ता. १२

वस्तीवर अपात्रतेची सूचना लागली आणि आज काकी चार-पाच जणांना घेऊन कार्यालयात आल्या. सुरुंग्याही होता. साहेबांनी त्यांना आत बोलावले, खुर्च्या दिल्या; मलाही थांबवून घेतले.

काकी म्हणाल्या, “आम्ही एक कुटुंब आहोत असं तुम्ही लिहून दिलंत. चांगलं वाटलं. पण घरात कोण किती खातो आणि कोण किती आणतो हे तुम्ही तुमच्या घरी विचारता का?”

माझ्याकडे पाहून विचारले. मी उत्तर दिले नाही, कारण मी विचारतो.

साहेब हसून म्हणाले, “काकी, एवढं मनावर घेऊ नका. मार्ग आहे. प्रत्येकाने आपापल्या घरात तीन विटा मांडायच्या, वर एक भांडं ठेवायचं. आमचा माणूस येऊन फोटो काढेल. चौदा चुली, चौदा कुटुंबं, चौदा कार्डं. दुसऱ्या दिवशी विटा उचलून परत जिथे जेवायचं तिथे जेवा. मी काही बघायला येणार नाही.”

हे त्यांनी मेहेरबानीच्या सुरात सांगितले. त्यांच्या बाजूने ती मेहेरबानी होतीही. मला आश्चर्य वाटले ते काकींचे. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही.

“विटा मांडू. पण भांड्यात काय ठेवायचं?”

“काही नको. रिकामं चालेल.”

“रिकामं कसं चालेल? फोटोला सगळी वस्ती गोळा होणार. या घरात भांडं भरलेलं, त्या घरात रिकामं. हा घरी पीठ ठेवून आहे आणि त्याच्याकडे मूठभरही नाही, हे चौदा फोटोंत छापून येणार. मग दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ताडपत्रीमागे कोण जाईल?”

“अहो, नुसता फोटो.”

“पडदा एकदा फाटला की शिवलेला दिसतो, साहेब. आम्ही नाही मांडत.”

सुरुंग्याने उठता उठता साहेबांच्या टेबलावर हात ठेवला. “खाणीत आम्ही आधी ओरडून सांगायचो, मग सुरुंग लावायचो. तुम्ही उलटं केलंत.”

ती मंडळी गेल्यावर साहेब म्हणाले, “माज आहे. उपाशी राहतील पण ऐकणार नाहीत.” मी म्हणालो की खोट्या चुलीचे छायाचित्र हा खोटा दस्तऐवज होतो. साहेब म्हणाले, “म्हणजे तुम्हीही त्यातलेच?” मी कशातलाच नाही. मी फक्त म्हटले की चूल असेल तर आहे असे लिहावे आणि नसेल तर नाही असे लिहावे. यात माज कुठे आला ते मला कळले नाही.

शनिवार, ता. १६

सुट्टी. खाणीवर खासगी रीतीने गेलो. का गेलो याचे कारण नीट लिहिता येत नाही. आजवर मला माझ्याच अहवालाचा राग आलेला नव्हता, इतकेच खरे.

या वेळी बाकावर बसून ताडपत्रीची पद्धत सुरुवातीपासून पाहिली. एक तरुण आत गेला आणि लगेच बाहेर आला. काकींनी हातातला डाव चुलीवर आपटला. “एवढ्यात बाहेर? परत जा.” तो खालमानेने परत गेला. काकी इतरांशी बोलत राहिल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा डाव आपटला, तेव्हा तो आला. ज्याच्या पिशवीत काही नाही त्यालाही आत तेवढाच वेळ थांबावे लागते. आवाजावरून कळू नये म्हणून पेट्यांत खाली गोणपाट घातले आहे. आणायला काही नसेल तर आत ठेवलेल्या कागदाच्या गुंडाळ्या कपड्यांत लपवून घरी न्यायच्या आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी फुगवलेली पिशवी घेऊन यायचे, हीसुद्धा सोय आहे. इतकी पक्की व्यवस्था मी आमच्या रोख शाखेतही पाहिलेली नाही. फरक एवढाच की आमच्याकडे सगळी व्यवस्था नाव कळावे म्हणून असते आणि इथे नाव कळू नये म्हणून.

मी काकींना विचारले, हे कोणी बसवले. त्या कांदे चिरीत होत्या. हात थांबला नाही.

“खाण बंद झाली तेव्हा पहिल्यांदा सगळे उघड्यावर ठेवायचे. या टेबलावर. कुणी दोन मुठी, कुणी एक. कुणी कुणाला बोललं नाही, पण डोळे असतातच. मग गवंड्याच्या घरातलं कुणी येईना. आम्हाला वाटलं, गावाला गेले. दार आतून लावून बसले होते. ठेवायला काही नव्हतं, म्हणून खायला आले नाहीत. त्यांची धाकटी गेली.”

“मग?”

“मग ताडपत्री.”

माझ्या मागच्या टेबलावर एक माणूस मान खाली घालून जेवत होता. हाताच्या बोटांना जुन्या चुन्याच्या भेगा होत्या. मी वळून दुसऱ्यांदा पाहिले नाही. पाहण्यासारखे होते म्हणूनच पाहिले नाही.

डाळ फार पातळ होती. पूर्वीच्या धान्याचा शेवट चालला आहे. मोठ्यांनी एकेक डाव घेतला आणि मुलांसमोर पातेले पुन्हा नेले. मला ताट दिले, तेव्हा याही वेळी मी नियम सांगितला. 

घरी आलो. सौ. पायरीवरच बसली होती, केसांना धुराचा वास. बंबात लाकडे घातली म्हणाली. कुठे गेलो होतो ते सांगितले.

“जेवलात तिथे?”

“नियमात बसत नाही.”

“डाळ पातळच असेल म्हणा.”

“तुला कसं कळलं?”

“तुम्ही एकट्यानेच हिशेब करायचा का?”

तर्क बरोबर होता. धान्य बंद होणार म्हटले की डाळच आधी पातळ होते.

सोमवार, ता. १८

साहेबांनी बोलावून स्पष्ट सांगितले: एक तर चौदा चुलींची छायाचित्रे आणा, नाहीतर माझा पहिला अहवाल कायम. “दोन्हीपैकी एक. मला तिसरं नकोय.” मी म्हणालो, पहिले खोटे आहे आणि दुसऱ्यातून अन्याय होतो. त्यांनी विचारले, “तुमची निवृत्ती कधी आहे हो?” प्रश्नाचे उत्तर त्यांना ठाऊक आहे, सेवापुस्तक त्यांच्याच कपाटात असते. म्हणून ती धमकी म्हणून नोंदवून ठेवतो.

दुपारी कार्यालयाच्या उपाहारगृहात जेवलो. रोज तिथेच जेवतो. साहेबही, चमचे स्वतःचे आणत असले तरी. ताट पुढे आले, खिडकीतून आतली चूल दिसली, आणि हातातला पाव हातातच राहिला.

आचाऱ्याला विचारले, “इथे चुली किती?”

“एकच की हो. दोन कुठून परवडतात?”

मी म्हणालो, “छान.” शेजारी बसलेल्या शिपायाने माझ्याकडे पाहिले. मी जेवणाला छान म्हणत नाही.

बुधवार, ता. २०

कालचा दिवस मसुद्यात गेला. आज सकाळी रीतसर आवक करून, क्रमांक घेऊन, पुढील निवेदन दिले. प्रत इथे उतरवतो, कारण माझ्या लिखाणातले एवढेच मला आवडलेले आहे.

‘संदर्भ: कुटुंबाच्या व्याख्येचे परिपत्रक. या कार्यालयातील सर्व अधिकारी व कर्मचारी कामाच्या प्रत्येक दिवशी एकाच चुलीवर शिजलेले अन्न नियमितपणे खातात. सबब परिपत्रकानुसार आपण सर्व मिळून एक कुटुंब ठरतो. कुटुंबातील सर्वाधिक वेतनाची व्यक्ती कुटुंबप्रमुख असल्याने मा. साहेब यांची त्या जागी नोंद व्हावी. कार्यालयातील कंत्राटी शिपाई, सफाई कामगार व पहारेकरी यांना आज अन्नसाहाय्य मिळते. ते साहेबांच्या कुटुंबातील सदस्य ठरत असल्याने तात्काळ अपात्र करावेत. व्याख्या खाणीच्या वस्तीला लागू असेल तर इथेही लागू आहे. इथे लागू नसेल तर तिथेही नाही. निर्णय लेखी मिळावा.’

देण्याआधी शिपायाला वाचून दाखवले. त्याच्या घरच्या धान्याचा प्रश्न होता, त्याला न विचारता लिहिणे योग्य नव्हते. त्याच्या घरी आई, बायको, तीन मुली. धाकट्या बहिणीच्या घरी जाणारी ताटे वेगळीच. त्याने मसुदा हातात घेऊन पुन्हा वाचला. मी म्हणालो, “तुझं नाव वगळतो.”

“वगळू नका. माझी मावशी खाणीवरच असते.” मग हसला. “पण म्हणजे साहेब माझे नक्की कोण लागणार?”

“ते परिपत्रकात स्पष्ट नाही.”

“काका म्हणू का?”

त्याने सही केली. त्यामागोमाग सफाई करणाऱ्या मावशींनी, पहारेकऱ्याने, मग लेखा शाखेतल्या दोघांनी, आणि आचाऱ्याने “मी तर शिजवणारा, म्हणजे मी घरची सून झालो” असे म्हणत केली.

दुपारी साहेबांनी बोलावले. निवेदन त्यांच्या हातात होते.

“मला तुमच्या कुटुंबात घालताय?”

“मी घातलं नाही. परिपत्रकाने घातलंय.”

“आणि प्रमुख?”

“वयाने मी थोरला आहे, पण वेतनाने आपण. मी मान ओळखतो.”

“ही थट्टा आहे.”

“आवक क्रमांक पडला आहे, साहेब. थट्टेला क्रमांक पडत नाही.”

त्यांनी ते फाडले असते, पण प्रत वर गेलेली होती. नियमानुसारच गेली होती: धोरणात्मक प्रश्न उपस्थित करणाऱ्या निवेदनाची प्रत वर पाठवावी, असे कलम आहे, आणि ते पाळणारा या कार्यालयात मी एकटाच आहे.

सोमवार, ता. २५

वरिष्ठ कार्यालयातून एक बाई सुनावणीसाठी आल्या. निवेदनाचा बोभाटा झाला होता. आणखी तीन कार्यालयांतल्या शिपायांनी आपापल्या साहेबांना कुटुंबप्रमुख केले, असे कानावर आले. बाई मितभाषी, पायात साधे बूट. म्हणाल्या, “सुनावणी जिथली तिथे.” म्हणून सगळे खाणीवर.

दगडी टेबलाच्या एका बाजूला बाई, साहेब आणि मी; समोर वस्ती. बाईंनी आधी ताडपत्री पाहिली, आत जाऊन पेट्या पाहिल्या, गोणपाटाला हात लावून पाहिला. मग काकींना म्हणाल्या, “प्रत्येक घराने मला एकटीला, गुपचूप, आपण काय आणतो ते सांगावं. बाहेर जाणार नाही. त्यावरून कुणाला खरी गरज आहे ते मी ठरवीन.”

अडवणूक नव्हती, मनापासूनचा प्रस्ताव होता. माझ्या मते वाजवीही होता.  बाईंनी पुन्हा विचारले. सुरुंग्या कानामागे हात नेऊन म्हणाला, “ऐकू येत नाही.” शेजारचा म्हणाला, “मलाही.” मग एकेक करून सगळी वस्ती बहिरी झाली. मुलेसुद्धा.

काकी म्हणाल्या, “बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण एकाला सांगितलं की पडदा संपला. आम्ही काय आणतो ते विचारू नका. आमच्याकडे काय येतं ते विचारा. प्रत्येकाची मजुरी, प्रत्येकाचं घर, वेगळं वेगळं तपासा, उंबरे झिजवा हवे तर. चुलीला साक्षीला बोलावू नका.”

साहेब मध्ये बोलले, “पण ह्यांचाच अहवाल आहे की हे एक कुटुंब आहे.” त्यांनी बोट माझ्याकडे केले.

मी उभा राहिलो. म्हणालो, “अहवालातली बेरीज बरोबर आहे आणि निष्कर्ष चूक आहे. मी तो मागे घेतो. सरपण वाचवण्यासाठी एकत्र शिजवणारी माणसं एक कुटुंब होत असतील, तर पाणी वाचवण्यासाठी एका नळावर उभी राहणारीही होतील. मर्यादा घराच्या कमाईवर लावायची आहे. ती कमाई मी प्रत्येक घरी जाऊन तपासली आहे. चौदाही घरं पात्र आहेत. हे मी आत्ता, सगळ्यांसमोर, माझ्या सहीने म्हणतो. परिपत्रक बदलायचं की मला, ते आपण ठरवा.”

हे माझ्या तोंडून इतक्या मोठ्याने निघेल असे वाटले नव्हते. छपराचा पत्रा घुमला.

बाईंनी लिहून घेतले. उठताना त्यांची नजर चुलीकडे गेली. आज कड्यांची फडकी धुवायला काढली होती. त्या सहज म्हणाल्या, “हे एवढं मोठं पातेलं खाणीचं?”

“नाही,” काकी म्हणाल्या.

“मग कुणाचं?”

मी पाहिले. डाव्या कड्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, आणि शेवटचे टोक आत दुमडून वर लाखेचा ठिपका, कोणाच्या बोटात घुसू नये म्हणून. अशी तार मी बांधतो. दुसरे कोणी असे बांधताना मी पाहिलेले नाही.

प्रश्नाचे अचूक उत्तर मला माहीत होते आणि प्रश्न अधिकृत होता. मी वर छपराकडे पाहत राहिलो.

“ऐकू येत नाही,” सुरुंग्या म्हणाला.

घरी आलो तेव्हा सौ.ने विचारले, “काय झालं?” सगळे सांगितले, पातेल्याचे सोडून. तिने ताट वाढले. मीठ बेताचे होते.

बुधवार, ता. २७

दोन आदेश आले. पहिला: व्याख्येचा फेरविचार होईपर्यंत खाणीच्या वस्तीतील चौदा घरे स्वतंत्र कुटुंबे म्हणून पात्र, धान्य पुढच्या महिन्यापासून सुरू राहील. कार्यालयातल्या तिघांची कार्डेही कायम. दुसरा: वरिष्ठांचा उपमर्द व कार्यालयीन शिस्तीचा भंग यासाठी मी चौकशी होईपर्यंत निलंबित. दुसऱ्यावर साहेबांची सही ठळक आहे, पहिल्यावर किंचित पुसट.

दुसरा शिपायाने घरी आणून दिला. दारातच उभा राहिला, कागद पुढे करीना.

“दे. माझाच आहे.”

“कुटुंबातून वेगळं काढलं तुम्हाला,” तो म्हणाला. “काकांनी.”

मी हसलो. आतून सौ.ही हसली. चौकशीत काय उत्तर द्यायचे त्याचा मसुदा मनात तयार आहे. मी एक शब्दही मागे घेणार नाही. आदेशात व्याकरणाच्या दोन चुका आहेत, त्या मात्र दाखवून देईन.

शनिवार, ता. ३०

सौ. सकाळी लवकर बाहेर पडली. कुठे जातेस, असे विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. तिच्या पिशवीच्या तोंडाला छान पीळ दिलेला होता.

नंतर मी पिंजरा माळ्यावर टाकला, डबे उघडले, माझी कापडी पिशवी घेतली आणि खाणीची वाट धरली.

रांग होती. पुढे गवंडी, त्याच्यापुढे सुरुंग्या. मला पाहून कोणी काही बोलले नाही. साहेब म्हणून जी जागा करून देत तीही दिली नाही. मला बरे वाटले. माझी पाळी आली तेव्हा काकी म्हणाल्या, “व्हा पुढे, भाऊ.” ताडपत्रीमागे अंधार होता आणि धान्याचा, गोणपाटाचा वास. मी माझे काम उरकले आणि सवयीने बाहेर निघालो, तोच डाव आपटला.

“एवढ्यात?”

परत गेलो. उभा राहिलो. समोर कागदाच्या गुंडाळ्यांचा ढीग होता, पुष्कळ हाताळलेला, मऊ पडलेला. दुसरा आवाज झाल्यावर बाहेर आलो आणि टेबलाशी बसलो.

माझ्या ताटात डाळ वाढणारा हात ओळखीचा होता. मी मान वर केली नाही. इथला नियम मला आता माहीत आहे. तिने एक डाव वाढला, थांबली, आणि दुसरा अर्धा वाढला.

“मीठ बघा,” म्हणाली, जसे कोणालाही म्हणाली असती.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

आज पिशवीत काय नेले आणि किती, ते इथे लिहीत नाही.